तक्रार आलीच नाही, म्हणे!

 आज मी तुम्हांला एका सरकारी अहवालातल्या एका वाक्याबद्दल सांगणार आहे. अहवाल सव्वाशे वर्षांपूर्वीचा आहे, १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगचा. तो लिहिणाऱ्या कमिटीचा अध्यक्ष होता वॉल्टर चार्ल्स रँड. शाळेच्या पुस्तकात आपल्याला रँड भेटतो तो चापेकर बंधूंनी त्याचा वध केला म्हणून. त्याआधी तो पुण्यात नेमके काय करत होता, हे त्या धड्यात दोन ओळींत संपते. आपण आज त्या दोन ओळी जरा उलगडून पाहू.

अहवालातल्या वाक्याचा आशय असा आहे. कोणा स्त्रीच्या अब्रूला हेतुपुरस्सर धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार आमच्याकडे किंवा सैनिकांवरच्या अधिकाऱ्यांकडे आली नाही, याचे कमिटीला मोठे समाधान वाटते. वाचताना वाटते, चला, बरे झाले. पण धान्य निवडताना आपण मूठभर धान्य परातीत पसरतो आणि एकेक दाणा बघतो ना, तसे हे वाक्य बघायचे आहे. त्याआधी प्लेग आला कसा, ते सांगते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात माणसे तापाने पटापट मरू लागली. काखेत किंवा जांघेत गाठ यायची, जबर ताप चढायचा आणि दोन-चार दिवसांत खेळ संपायचा. मांडवी म्हणजे गोदीजवळची धान्याची पेठ. गोदामे, पोती आणि उंदीर यांचे राज्य. तिथे रोगी तपासणारे मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखले, की हा गाठीचा प्लेग आहे. ते महापालिकेचे सदस्यही होते. २३ सप्टेंबरला त्यांनी ही गोष्ट पालिकेच्या कानावर घातली. पण 'प्लेग' हा शब्द उच्चारायलाच कोणी धजेना. शब्द बाहेर पडला, की बंदर बदनाम होणार, जहाजे अडणार आणि व्यापार बसणार. पहिले काही दिवस रोगाचे नाव काय ठेवायचे, यावरच खल झाला. मैत्रिणींनो, साथीच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते. आधी नाकबुली आणि मग एकदम लगबग.

नाकबुली सरली आणि लगबग सुरू झाली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पालिकेच्या आयुक्तांनी हुकूम काढला. रोग्याला घरातून उचलून इस्पितळात नेता येईल, घरच्यांची संमती असो वा नसो. आता इस्पितळ म्हणजे काय, हे त्या काळच्या गिरणगावातल्या बाईच्या नजरेने पाहा. तिथे गेलेला माणूस बहुधा परत येत नाही. तिथे आपल्या हातचे पाणी पाजता येत नाही. जातीपातीचे, सोवळ्याओवळ्याचे प्रश्न वेगळेच. शेवटी मृत्यू आला, तर मयताला नीट निरोपही देता येत नाही. ऑक्टोबर संपता संपता सुमारे हजार गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. सरकारला सक्ती सैल करावी लागली. तोवर लोकांनी दुसरा मार्ग धरलाही होता. शहराची वस्ती सव्वाआठ लाखांच्या आसपास होती. १८९७ चा फेब्रुवारी येईतो त्यातली साडेतीन लाखांहून अधिक माणसे मुंबई सोडून गेली. कोण कोकणात, कोण घाटावर, कोण गुजरातेत. त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गेला.

आता एक गोष्ट लक्षात ठेवा. रोगाचा जंतू तेव्हा सापडलेला होता. अलेक्झांडर येर्सिन यांनी तो १८९४ मध्ये हाँगकाँगला शोधला होता. पण तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला चावते आणि रोग येतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत दाखवले ते १८९८ मध्ये. त्यावर सगळ्यांचा विश्वास बसायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ च्या मार्चमध्ये पुण्यात जे काही चालले होते, ते अर्धवट माहितीवर चालले होते. घाण हवा, दमट घर आणि मळकी माणसे यांतून रोग येतो, असा समज होता. म्हणून भिंतींना चुना, गटारांत कार्बोलिक, कपड्यालत्त्यांची होळी. ऊन आत यावे म्हणून छपराची कौले काढायची आणि जमीनही उकरायची. उंदीर मात्र या घरातून त्या घरात मोकळे फिरत होते.

अर्धवट माहिती असणे हा गुन्हा नाही. त्या काळच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. माझी शंका वेगळी आहे. माहिती अर्धी असताना हुकूम मात्र पुऱ्या खात्रीचे निघत होते. आम्हांला अमुक ठाऊक आहे, तमुक अजून ठाऊक नाही, तरी हे करून पाहू, असे कोणी लोकांना सांगितले नाही.

अशी घाई का? एक कारण अर्थातच मृत्यूंचे. दुसरे कारण समुद्रापलीकडचे. हिंदुस्थानचा माल आणि हिंदुस्थानची जहाजे आपल्या बंदरात नकोत, असे युरोपातली राज्ये म्हणू लागली होती. १८९७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यासाठी व्हेनिसला परिषद भरली. आम्ही कडक उपाय करत आहोत, हे ब्रिटिशांना जगाला दाखवायचे होते. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथीच्या रोगांचा कायदा झाला. कायदा अगदी छोटा, चार कलमांचा. सरकारला वाटेल तो उपाय करता येईल. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होईल. आणि या कायद्याखाली चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर खटला भरता येणार नाही. रोग्याला काय मिळेल, त्याने दाद कुठे मागायची, याबद्दल त्या चार कलमांत अवाक्षर नाही.

आता पुण्याकडे वळू. पण रँडच्या आधी एका बाईचे नाव घेतले पाहिजे. सावित्रीबाई फुले. पुण्यात प्लेग शिरला तेव्हा त्या वयाने साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ माळरानावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई स्वतः रोगी आणू लागल्या. मुंढव्याच्या एका मुलाला त्यांनी असेच उचलून आणले आणि त्यात त्यांनाच लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. महिनाभर आधी, ९ फेब्रुवारीला, मुंबईत त्यांच्याच सत्यशोधक चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना गेले होते. लोखंडे हे 'दीनबंधु' पत्राचे संपादक. म्हणजे रोग्याला घराबाहेर काढून वेगळे ठेवावे, हे आपल्या लोकांना पटत नव्हते असे नाही. विश्वासाचे माणूस आले, हात धरून नेले, तर रोगी जात होता.

सावित्रीबाई गेल्या आणि तीनच दिवसांनी, १३ मार्चला, रँडची मोहीम सुरू झाली. आठशेच्या वर सैनिक आणि अधिकारी या कामाला लावले होते. घरझडतीसाठी गोऱ्या सैनिकांवर भर होता. ते शिस्तीचे आणि चोख काम करणारे, एतद्देशीयांवर तसा भरवसा टाकता येत नाही, असे कमिटीचे म्हणणे. पेठेला वेढा पडायचा. तुकड्या घराघरांत शिरायच्या. रोगी सापडला तर तो इस्पितळात, घरातली बाकीची माणसे छावणीत. लोकांच्या तोंडी त्याचे नाव झाले 'कारंटीन'.

ही झडती घरातल्या बाईच्या बाजूने पाहा. त्या काळी परका पुरुष ओसरीच्या पुढे येत नसे. इथे बूट घातलेले सैनिक माजघर ओलांडून स्वयंपाकघरात आणि देवघरात येत होते. रोगाची खूण काखेत आणि जांघेत. ती शोधायची म्हणजे काय करायचे, हे मी सांगायला नको. सामान बाहेर फेकले जाई, काही जाळले जाई, काही चोरीला जाई, अशा तक्रारी तेव्हाच्या पत्रांत भरून आल्या. छावणीत गेले, तर मागे घर कोण राखणार? दुभती म्हैस कोण पिळणार? बाळंतिणीचे काय? हे प्रश्न कोणत्याही हुकुमात नव्हते. परिणाम काय झाला, तर लोक रोगी लपवू लागले. सासूला ताप आला, तर सून शेजारणीलाही सांगेना. मयत गुपचूप पुरण्याचेही प्रकार घडले. रोग हुडकायला निघालेल्या मोहिमेने रोग घराच्या आणखी आत ढकलला.

आता परत त्या वाक्याकडे. परात पुढे ओढा.

पहिला दाणा, 'हेतुपुरस्सर'. अब्रूला धक्का हेतुपुरस्सर लागला नाही. मग हेतूशिवाय लागला असेल, तर तो मोजायचा नाही? तपासणीच जर पुरुषाने करायची, तर ज्या बाईची ती होते तिला त्यामागच्या हेतूशी काय करायचे?

दुसरा दाणा, 'विश्वसनीय'. तक्रारीच आल्या नाहीत, असे अहवाल म्हणत नाही. विश्वसनीय तक्रार आली नाही, असे म्हणतो. मग विश्वसनीय कोणती आणि अविश्वसनीय कोणती, हे ठरवले कोणी? कमिटीने. म्हणजे आरोपीच न्यायाधीश.

तिसरा दाणा सर्वांत महत्त्वाचा. तक्रार करायची कोणाकडे? कमिटीकडे, नाहीतर त्या सैनिकांच्या अधिकाऱ्याकडे. बुधवार पेठेतली एखादी बाई, जिने नवऱ्यासमोरही मोठ्याने बोलायचे नाही, तिने गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यासमोर उभे राहून सांगायचे, की तुझ्या शिपायाने माझ्याशी असे केले. कोणत्या भाषेत सांगणार? आणि सांगून घरी परतली, तर घर तिला आत घेईल याची खात्री काय? तेव्हा तक्रार न येणे ही खूण कशाची? अन्याय झाला नाही याची, की बोलायला जागा नव्हती याची? अहवालाने पहिला अर्थ धरला आणि समाधान मानले.

पण एक बाई बोलली. पंडिता रमाबाई. त्यांच्या शारदा सदनातल्या आणि दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुलींची जबाबदारी त्यांच्यावर होती. मे १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात पत्र लिहिले. प्लेगच्या इस्पितळात तरुण मुली सुरक्षित नाहीत आणि आपल्या आश्रयातल्या एका मुलीच्या बाबतीत विपरीत घडले आहे, असे त्यांनी नाव घालून, सही करून लिहिले. रमाबाई ख्रिस्ती होत्या, इंग्रजी उत्तम जाणत होत्या, विलायतेत राहून आलेल्या होत्या. त्यांना राजद्रोही म्हणणे कठीण होते. तरी मुंबईच्या गव्हर्नरांनी, म्हणजे लॉर्ड सँडहर्स्ट यांनी, त्यांचे म्हणणे चुकीचे आणि दिशाभूल करणारे ठरवले. आता सांगा, विश्वसनीय तक्रार म्हणजे यापेक्षा वेगळी कशी असते?

रमाबाईंचे पत्र आणि पुण्याहून आलेली खासगी पत्रे यांच्या आधारे गोपाळ कृष्ण गोखले लंडनमध्ये बोलले. ते तिथे वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला गेले होते. जुलैच्या सुरुवातीला 'मँचेस्टर गार्डियन' या पत्रात त्यांचे म्हणणे छापून आले. सैनिकांनी दोन स्त्रियांवर अत्याचार केले आणि त्यांतल्या एकीने पुढे जीव दिला, असा तो आरोप होता. पार्लमेंटात गदारोळ झाला. पुरावा द्या, नावे सांगा, अशी मागणी झाली. गोखले परतले तेव्हा रँडच्या खुनानंतरची धरपकड चालू होती. माहिती देणारे कोणी पुढे यायला तयार नव्हते आणि पत्र लिहिणाऱ्यांची नावे सांगायला गोखले तयार नव्हते. शेवटी त्यांनी जाहीर माफी मागितली. सरकारने विजय मानला. आपल्याकडच्या अनेकांनी गोखल्यांना भित्रे म्हटले. या सगळ्या वादात त्या दोन स्त्रिया कोण, त्या खरोखर होत्या का, त्यांचे पुढे काय झाले, हा प्रश्न मागेच राहिला. अब्रू कोणाची राहिली, सरकारची की गोखल्यांची, एवढीच चर्चा झाली.

यावर वर्तमानपत्रांनी काय केले? इंग्रजांच्या बाजूची पत्रे मोहिमेची पाठ थोपटत होती आणि लोक अडाणी, घाणेरडे, कृतघ्न आहेत, असे सांगत होती. टिळकांचा 'केसरी' मोहिमेवर कडक टीका करत होता. टिळकांच्या बाबतीत एक गोष्ट सांगितली पाहिजे. ते स्वच्छतेच्या किंवा रोगी वेगळा ठेवण्याच्या विरोधात नव्हते. शहर सोडून पळालेल्या पुढाऱ्यांना त्यांनी खडसावले, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ उभे करण्यात पुढाकार घेतला. त्यांचा आक्षेप रीतीवर होता. हे महत्त्वाचे आहे, कारण प्रश्न विचारणारा म्हणजे विज्ञानाचा शत्रू, असे तेव्हाही म्हटले गेले.

मग २२ जून १८९७ ची रात्र आली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव होता. गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला. रँड ३ जुलैला गेला. अँग्लो-इंडियन पत्रांनी पुण्याच्या देशी पत्रांकडे बोट दाखवले. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला. खटल्यात पुढे केलेला मजकूर होता शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने छापलेला. ज्युरीतल्या सहा युरोपियनांनी दोषी म्हटले, तिघा हिंदी सदस्यांनी निर्दोष. सप्टेंबरात अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुण्यातल्या नातू बंधूंना तर खटला न चालवताच अडकवून ठेवले गेले. पुढच्याच वर्षी राजद्रोहाचे कलम आणखी कडक केले गेले. मूळ प्रश्न होता, लोकांच्या घरात शिरून केलेले उपाय बरोबर होते का. तो बाजूला पडला आणि कोण निष्ठावान, कोण द्रोही, हा प्रश्न पुढे आला. प्लेग-कमिटीची खरी चौकशी झालीच नाही.

आपल्या पत्रांनाही मी एक प्रश्न विचारीन. ती बायकांच्या अब्रूबद्दल कळकळीने लिहीत होती. पण त्या लिखाणात बोलतो कोण? बहुतेक ठिकाणी घरचा कर्ता पुरुष. आमच्या बायकांना हात लावला, आमच्या देवघरात आले. आमच्या, आमच्या. छावणीत चूल कशी पेटवली, अंगावरच्या मुलाला काय पाजले, नवरा इस्पितळात आणि आपण माळावर असे दिवस कसे काढले, हे बाईच्या तोंडून लिहून घ्यावे, असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. सरकारी कागदात तिची तक्रार नाही आणि आपल्या कागदात तिचा आवाज नाही.

पुण्यातल्या मोहिमेचा निकाल काय लागला? मे महिन्यात रोग ओसरला आणि मोहीम यशस्वी झाली, असे सांगितले गेले. आज आपल्याला ठाऊक आहे, की दख्खनच्या कडक उन्हाळ्यात पिसवा टिकत नाहीत आणि प्लेग आपोआप मंदावतो. त्याच वर्षी पावसाळा सरताना तो पुण्यात परत आला आणि आधीपेक्षा जोराने आला. आकडा खाली गेला म्हणजे आपल्या उपायाने गेला, असे म्हणण्याआधी थोडे थांबावे लागते. एक ऋतू तरी जाऊ द्यावा लागतो.

इथवर मी सरकारवर शंका घेतली. पण शंकेचीही परीक्षा हवी ना? मुंबईत त्याच काळात अफवांचे पीक आले होते. इस्पितळात माणसे मारून त्यांच्या देहातून मोमियाई नावाचे औषध काढतात, अशी एक अफवा. १८९६ मध्ये मुंबईतल्या राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले, म्हणून राणीला माणसांचे बळी हवे आहेत, अशी दुसरी. लोक यावर विश्वास ठेवत होते, कारण खरे काय ते विश्वासाने सांगणारे कोणी नव्हते. तरीही अफवा ती अफवाच. तिने माणसे दगावली.

लसीचेच पाहा. वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात, काही महिन्यांत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पहिली टोचणी स्वतःला, मग इतरांना. लोकांचा विश्वास बसण्यासारखी गोष्ट होती. पण सैनिकांच्या धास्तीने सरकारच्या हातून येणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल संशय आधीच पसरला होता आणि लसही त्यात सापडली. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी लस टोचलेली एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. सरकारने हाफकिन यांना कामावरून दूर केले. पुढे तपासात दिसले, की दोष प्रयोगशाळेत नव्हता. गावात बाटली उघडताना हाताळणी अशुद्ध झाली असावी. पण त्यांच्यावरचा डाग पुसायला १९०७ साल उजाडले, तेही रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी आवाज उठवल्यावर. आज परळला ज्या संस्थेला हाफकिन यांचे नाव आहे, तिच्यामागे ही कहाणी आहे. इथे काय दिसते? शंका लसीवर घेतली गेली, चौकशी झाली आणि उत्तर मिळाले. उत्तर मिळाल्यावर शंका सोडून द्यावी लागते. जी शंका कोणत्याही उत्तराने हलत नाही, ती अफवेची बहीण.

सरकारही शेवटी शिकले, पण मार खाऊन. मार्च १८९८ मध्ये मुंबईत विणकरांच्या वस्तीत एका मुलीची तपासणी करण्यावरून दंगल पेटली. माणसे मेली. पुन्हा ठिणगी पडली ती एका मुलीच्या देहावरूनच. त्यानंतर धोरण हळूहळू बदलले. घरझडत्या कमी झाल्या. जातीजमातींच्या स्वतःच्या इस्पितळांना वाव मिळाला. स्थानिक डॉक्टर, वैद्य, हकीम यांना बरोबर घेतले गेले. लस ऐच्छिक राहिली. प्लेग त्यानंतरही बरीच वर्षे राहिला. पुढच्या दोन-तीन दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. पण खेड्यापाड्यांतले लोक अनुभवाने एक उपाय शिकले. घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडायचे आणि शेतात झोपडी घालून राहायचे. तुमच्या पणजीने 'उंदीर पडले' हे शब्द नक्की ऐकले असतील. गाव सोडणे म्हणजे उंदीर आणि पिसवा यांना मागे सोडणे. शास्त्राच्या दृष्टीने हा उपाय बिनचूक होता. छावणीचाही हेतू तोच होता. मग छावणीला विरोध का आणि शेतातल्या झोपडीला नाही का? झोपडीत चूल आपली होती, माणसे आपली होती आणि जायचे कधी, हे आपण ठरवले होते.

आता १८९७ चा तो चार कलमी कायदा. मार्च २०२० मध्ये करोना आला, तेव्हा महाराष्ट्रात तोच कायदा पेटीतून काढला गेला. त्याच वर्षी त्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्याला कडक शिक्षा ठरली. दारोदार फिरणाऱ्या आशाताईंना तिची गरज होती, कारण काही ठिकाणी त्यांच्याही अंगावर लोक धावून गेले होते. पण रोग्याचा, मजुराचा, घरात कोंडलेल्या बाईचा हक्क काय, हे त्या कायद्यात तेव्हाही लिहिले गेले नाही. आणि वार्तांकन? दिल्लीच्या तबलिगी कार्यक्रमाला आलेल्या परदेशी पाहुण्यांनी रोग पसरवला, असे कित्येक वाहिन्या दिवसरात्र सांगत होत्या. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांच्यावरचे गुन्हे रद्द केले. माध्यमांनी त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार केला आणि त्यांना बळीचा बकरा केले असण्याची शक्यता दिसते, असे न्यायालयाने नोंदवले. निकाल आला तेव्हा वाहिन्यांवर दुसरेच काही चालू होते. आरोपाला जेवढा वेळ मिळाला, त्याचा दहावा हिस्साही या निकालाला मिळाला का, हे तुम्हीच आठवून पाहा.

मैत्रिणींनो, साथ पुन्हा येईल. कधी, कोणती, ते सांगता येत नाही. तेव्हा आपल्यापैकी कोणी आशाताई असेल, कोणी सरपंच, कोणी घरात आजारी सासूला सांभाळणारी सून. हुकूम येतील, ते पाळावेही लागतील. लस आली तर माहिती घेऊन ती टोचून घ्या. पण हुकूम पाळताना विचारायचे ते विचारा. हे तुम्हांला नक्की माहीत आहे, की अंदाज आहे? अंदाज असेल तर तसे सांगा, आम्ही समजून घेऊ. बाईला तपासायला बाई येणार आहे का? छावणीत, इस्पितळात, विलगीकरणाच्या शाळेत रात्री पहारा कोणाचा आहे? आणि काही घडले, तर तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडे, की दुसऱ्या कोणाकडे?

ग्रामसभेत हा शेवटचा प्रश्न साथ नसताना, आजच विचारून ठेवायला हरकत नाही. उत्तर लिहून घ्या आणि ते पंचायतीच्या फळ्यावर बाईच्या नावानिशी, फोन नंबरासह लावून घ्या. नाहीतर उद्या कोणीतरी अहवाल लिहील, की एकही तक्रार आली नाही. आणि त्याचे त्याला समाधानही वाटेल.